बिलोलीला कोण होतं?

मुजीब,

तुझ्याबद्दल सगळे इतकं चांगलं बोलून राहिलेत की मला संशय यायला लागलाय. तुझ्या घरी बसायला आलेले लोक म्हणत होते, मुजीबसर कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. मी गप्प बसून ऐकून घेतलं. लातूरच्या क्लासच्या जिन्यात उभं राहून तू "बाई, तुझं डोकं म्हणजे पोलीस ठाणं झालंय" असं माझ्यावर ओरडला होतास, तेव्हा खालच्या टपरीवर चहा पिणारे लोक मान वर करून बघायला लागले होते. त्या बिचाऱ्यांना हे कुठून माहीत असणार! गेलेल्या माणसाला धुऊन, इस्त्री करून ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. मी तसलं काही करणार नाही. तुझी माफी मागायलाही हे लिहीत नाहीये. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते पुढं न्यायचंय. शिवाय बिलोलीची हकिकत तुला सांगायचीय, कारण ती तू मला कधीच सरळ सांगितली नाहीस.

आपलं बोलणं बंद होतं आणि त्यातच तू गेलास. म्हणजे बंद मी केलं होतं, तू नेहमीसारखं ते मुकाट्यानं मान्य केलं होतंस. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, एवढंच मला फोनवर समजलं. लातूरहून नांदेडला येताना मला रडू आलं नाही, राग आला. भांडण माझ्या पदरात टाकून तू निघून गेलास, आता ते मी कुणाशी भांडायचं?

रेहाना आतल्या खोलीत होती. तुमच्यात नवरा गेल्यावर बाई इद्दत पाळते, काही महिने घराबाहेर पडत नाही. त्यामुळं तिचं सगळं जग सध्या त्या एका खोलीत येऊन बसलंय. माझा हात धरून ती आधी खूप रडली. मग जवळच्या बायकांना "जरा चाय का देखो" म्हणाली, आणि त्या उठून गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"बिलोलीला कोण होतं?"

ती खाली बघत बोलत राहिली. "दर थोड्या दिवसांनी जायचे. विचारलं की म्हणायचे, क्लासचं काम हाय. पण क्लासचं तिथलं केंद्र तर कवाच बंद झालं म्हणे. मला जावेनं सांगितलं. मग कुणाकडं जात होते हो? मी कुणाला विचारू? माझ्या भावाला विचारलं तर तो हसंल नाहीतर भांडायला उठंल."

"तुला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचंय. असंल कुणी, तर असू द्या. मी मनाची तयारी केलीय. पण मला कळलं पाहिजे. मला बाहेर पडता येत न्हाई. तुम्ही जाऊन या, ताई. तुम्ही कुणावरच भरवसा ठेवत न्हाई, म्हणून तुम्हालाच सांगून राहिले."

ही तारीफ होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. तुझ्या बायकोचा एकेकाळी माझ्यावरही संशय होता. तो तिनं कधी बोलून दाखवला नाही, पण मला कळला नाही असंही नाही. तिचंच कशाला, सगळ्या गावाचा होता. शेखांचा मुजीब आणि जोश्यांची सुलभा कॉलेजच्या प्रयोगशाळेत तासन्‌तास काय करतात, यावर नांदेडात बऱ्याच जणांनी बराच विचार केला होता. आपण तिथं भांडत होतो, हे सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं.

खरी गोष्ट अशी की रेहानाच्या आधीपासून बिलोली माझ्या डोक्यात होती. तिला वाटत होतं तू तिथं संसार मांडलास. मला वाटत होतं तू तिथून आमच्या क्लासचे तास चोरून कुणाला तरी पुरवतोस. त्यामुळं मी तिला "जाऊन येते" म्हणाले ते काही नुसत्या मैत्रीपोटी नव्हे. मलाही बघायचं होतं.

याची सुरुवात मीच केली होती, हे मला मान्य आहे. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूर बघता बघता शिकवण्यांचं गाव झालं. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात खोल्या भाड्यानं, आणि जिकडंतिकडं बारावीच्या पोरांच्या सायकली. मी इंजिनिअर होऊन शेवटी गणितच शिकवत होते. आमच्या क्लासच्या सरांच्या डोक्यात आलं की तास लातूरला घ्यायचा आणि तोच त्याच वेळी चाकूर, अहमदपूर, नांदेड, बिलोलीच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचा, म्हणजे पोरांना गाव सोडायला नको. टॉवरवरून टॉवरवर, वायर न टाकता. सर विचारत होते, हे करणार कोण? तू तेव्हा नांदेडच्या कॉलेजात तेच शिकवत होतास. मी तुझं नाव सांगितलं.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतो. तास संपलेला, वर्ग रिकामा. तू माझा खडू घेऊन फळ्यावर पाच आकडे लिहिलेस आणि शेवटी त्यांची बेरीज.

"तुझ्या तासाची आम्ही अशी बारीक बारीक पाकिटं करतो, बाई. टॉवर एकदाच बोलतो, सगळी केंद्रं ऐकतात. पण हवेत काही पाकिटं गळतात. समज, अहमदपूरचा दुसरा आकडा गळला, चाकूरचा चौथा. दोघांना वेगवेगळं काय काय पाठवत बसू? ही एकच बेरीज दोघांना पाठवली, की ज्याचं जे हरवलं ते त्याचं त्याला काढता येतं."

मी म्हणाले, "आणि बेरीजच हरवली तर?"

"तर आकडे हातात हायेत ना. बेरीज लागते कशाला?"

"आणि दोन आकडे हरवले तर?"

"तर दुसऱ्या तऱ्हेची अजून एक बेरीज. बाई, तू हरवायचंच ठरवून बसलीस का?"

मी गणिताची बाई. मला ते इतकं आवडलं की मी तुला तसं सांगितलंच नाही. तुझ्यासमोर खूश झाल्याचं दाखवलं की तू आठवडाभर मिरवायचास. पण एकच बेरीज चार गावांची चार वेगळी भोकं बुजवते, हे मी पुढं कितीतरी वर्षं पोरांना सांगत आले, तुझं नाव न घेता.

मग तुझा नियम आला. केंद्रांनी परत मागायचं नाही. सगळी जणं "मला मिळालं नाही, मला मिळालं नाही" करायला लागली तर टॉवर तेच निस्तरत बसेल आणि तास पुढं सरकणार नाही. म्हणून सगळ्यांनी गप्प ऐकायचं, फक्त एकानं बोलायचं. ज्याला सगळ्यात वाईट ऐकू येतं, त्यानं. त्याचं किती गळलं ते बघून दुरुस्तीची पाकिटं किती लावायची ते ठरायचं. आणि सगळ्यात वाईट ऐकू यायचं ते बिलोलीला. टॉवर लांब, मध्ये झाडी, वारं सुटलं की विचारूच नका.

आपलं खरं भांडण इथून सुरू झालं. दुरुस्तीची पाकिटं वाढली की चित्राला जागा कमी. माझ्या फळ्यावरचे घातांक, खाली लिहिलेले छोटे आकडे पडद्यावर पुसट दिसायचे. अहमदपूरची पोरं फोन करून विचारायची, मॅडम, तो वर्ग होता की घन? मी तुला म्हणायचे, एका बिलोलीसाठी बाकीच्या तीन गावांचे डोळे कशाला फोडतोस? तू म्हणायचास, "मोठं लिही." बस्स. एवढं मोठं शास्त्र शिकलेला माणूस, आणि त्याचं उत्तर काय, तर मोठं लिही! मी चिडून एकदा फळाभर एकच समीकरण लिहिलं. संध्याकाळी तुझा फोन आला, आज चित्र एकदम झकास होतं म्हणून.

तू असा का होतास ते मला थोडं माहीत होतं. भूकंप झाला तेव्हा आपण कॉलेजात होतो. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. तुझ्याकडं हौसेचा वायरलेस सेट होता. आपण आठ-दहा जण एका जीपमधून निघालो आणि रस्त्यालगतच्या एका शाळेत तू तो सेट लावलास. गावागावांतून निरोप यायचे. इथं पाणी पाठवा, इथं डॉक्टर पाठवा, इथं ताडपत्री. एक मोठा स्वयंसेवक फळ्यावर लिहून घ्यायचा आणि जिकडून मागणी, तिकडं गाडी. एका वस्तीकडून काहीच आलं नाही. तू दोनदा विचारलंस. तो म्हणाला, "तिथून काही तक्रार नाही, तिथं बरं असंल." दुसऱ्या दिवशी तू कुणाला न विचारता चालत तिकडं गेलास. परत आलास तेव्हा तुझ्या पायात चपला नव्हत्या. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "सांगायला येणारंच तिथं कुणी उरलं न्हवतं." त्यानंतर त्यावर आपण कधी बोललो नाही. पण मला वाटतं, कुठून आवाज येत नसला की तेव्हापासून तुला धडकी भरायची. मी माणसांवर संशय घेते. तू माणसांच्या गप्प बसण्यावर घ्यायचास.

पुढं बिलोलीचं केंद्र बंद पडलं. पोरंच येईनात, बरीचशी सरळ लातूरला खोल्या करून राहायला लागली. मला वाटलं, चला, आता दुरुस्तीची पाकिटं कमी होतील, चित्र सुधारेल. चित्र होतं तसंच. मी तुला विचारलं.

"बिलोली अजून ऐकून राहिली ना," तू म्हणालास.

"बिलोली बंद झाली, मुजीब."

"हॉल बंद झाला." आणि हसलास.

हे हसणं मला आवडलं नाही. तुझ्या त्या पद्धतीत बोलणाऱ्याला कळतच नाही की ऐकणारे किती आहेत. चार ऐकोत की चाळीस, टॉवर तेवढंच बोलतो. पाकिटांना कुलूप होतं म्हणा, पण किल्ली तुझ्याकडंच. मग एक दिवस दुसऱ्या एका क्लासच्या सराव परीक्षेत माझी गणितं आली. माझी म्हणजे अगदी माझी, आकड्यांसकट. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "मॅडम, तुमचे मित्र आहेत म्हणून तुम्हालाच विचारतो. मुजीबसर बाहेर कुठं तास देतात का?"

मी "नाही" म्हणायला पाहिजे होतं, असं तुला वाटेल. मी म्हणाले, "विचारते." कारण मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला "नाही" म्हणायची मला सवय नाही. तुलाही नव्हती.

मग ते जिन्यातलं भांडण. मी सरळ विचारलं, बिलोलीला कोण ऐकतंय? तू म्हणालास, "सांगितलं तरी तू खात्री करायला जाणारच. त्यापेक्षा थेट जाऊनच ये." मी म्हणाले, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू म्हणालास, "वीस वर्षांनी तुला माझ्याकडून जबाब लिहून पाहिजे का?" आणि मग ते पोलीस ठाण्याचं वाक्य. मी खाली उतरले आणि तुझे फोन घ्यायचे बंद केले. खरं तर तुझा फोन एकदाच आला. मी घेतला नाही, तू परत केला नाहीस. मला वाटलं, बसला असेल फुगून. आता वाटतं, कशासाठी केला होतास तो फोन?

तर तुझ्या बायकोच्या सांगण्यावरून मी नांदेडहून बिलोलीची एसटी पकडली. नरसी सोडल्यावर खिडकीतून छपरं बघत गेले. बिलोलीत गाडी वळली आणि मला लगेच दिसली, एका पत्र्याच्या खोलीवर जाळीची अँटेना, तोंड बरोबर टॉवरकडं. गंजलेली नाही, वाकडी नाही. कुणीतरी तिची काळजी घेत होतं. मनात म्हटलं, सापडलास.

खाली खत-बियाणांचं दुकान. मालक सायन्ना, पन्नाशीचा, गळ्यात पंचा.

"वरची खोली मुजीबसरांनी घेतली होती का?"

"घेतली म्हनजे काय, आधी किलास होता. मंग म्या अडगळ ठेवलो. सर म्हनले, एक कोपरा राहू दे. म्या म्हनलो, राहू द्या की."

"ते यायचे इथं?"

"हाव, येत होते की. लई येळा."

"एकटेच?"

"एकटेच."

"बरोबर कुणी बाईमाणूस? किंवा इथं कुणी भेटायला?"

सायन्ना मला खालून वरपर्यंत न्याहाळायला लागला. त्याला वाटलं असणार, हीच ती. मी घाईघाईनं सांगितलं की मी त्यांच्याबरोबर क्लासमध्ये होते, सर वारले. तो मटकन पोत्यावर बसला. "अय्यो," म्हणाला. थोड्या वेळानं किल्ली घेऊन उठला आणि मला वर घेऊन गेला.

मुजीब, मी ती खोली कशी तपासली ते बघून तू पोट धरून हसला असतास. पोत्यांच्या मागं बघितलं. खिडकीबाहेर बघितलं. जिथं पूर्वी पडदा होता तिथं खिळ्यांची भोकं तेवढी होती. बाक नाहीत, स्पीकर नाही, टीव्ही नाही. एका कोपऱ्यात पालथ्या खोक्यावर टॉवरची पाकिटं घेणारी तुझी पेटी, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेला एक धुतलेला रुमाल, आणि हिरवा दिवा चालू. लाईटची सोडली तर पेटीतून एकच वायर निघत होती, वर अँटेनाकडं जाणारी. मी छतापर्यंत तिचा माग काढला. तिला दुसरा फाटा फुटलेला नव्हता. त्या खोलीत माझा तास येत होता आणि तो बघायला कुणीच नव्हतं.

सायन्ना दारात उभा राहून म्हणाला, "म्या बी इचारलो होतो एकदा. सर, इथं पोरं न्हाईत, कुनासाठी लावलाव हे? तर म्हनले, सायन्ना, हे शिकायला न्हाई ठिवलं. हे कण्हायला ठिवलंय."

"काय?"

"कण्हायला. म्हनले, ज्याला लई दुखून राहिलंय त्यानं बोललं पायजे, मंग बाकीच्याला दुखायच्या आधी औषध करता येतंय."

मी त्या पालथ्या खोक्याशेजारी जमिनीवर बसले. वादळवाऱ्याच्या दिवसांतही चाकूरचा पडदा कधी थिजला नाही. सरावाच्या परीक्षेच्या दिवशी सगळीकडं धुळीनं अंधारून आलं होतं, दुसऱ्या क्लासवाल्यांचं सगळं बंद पडलं आणि अहमदपूरची पोरं माझं गणित शेवटपर्यंत सोडवत होती. आमच्या क्लासचे सर तेव्हा म्हणाले होते, आपलं नशीब चांगलं आहे. मलाही तसंच वाटलं होतं. हवा बिघडली की आधी बिलोलीला खोकला यायचा आणि बाकीच्यांना ताप यायच्या आत तुझी दुरुस्ती सुरू व्हायची. सायन्ना म्हणाला, लाईट जाऊन आली की ही पेटी अडकायची, म्हणून तू नांदेडहून इथं यायचास, ती चालू करायचास, रुमाल झटकायचास आणि परत जायचास. हे तू मला सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला. रिकाम्या खोलीसाठी कोण एवढ्या लांब जातं, असंच म्हटलं असतं. तू मला ओळखत होतास. पण तरी सांगायला पाहिजे होतंस. हे माझं भांडण अजून चालू आहे.

माझी गणितं त्या दुसऱ्या क्लासला कुणी दिली, मला माहीत नाही. माझा आता आमच्याच ऑफिसातल्या एकावर डोळा आहे. ते मी बघून घेईन. तिथून क्लासच्या सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मॅडम, रिकाम्या खोलीला कोण तास पाठवतं?" मी म्हणाले, "मुजीब." आणि फोन ठेवला.

खाली उतरताना मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. रेहानाला सांगायला आता फक्त चांगली बातमी होती. सहज म्हणून सायन्नाला विचारलं, सर शेवटचे कधी आले होते? त्यानं तू गेलास तो वार विचारला, मी सांगितला. त्यानं बोटांवर दिवस मोजले.

"म्हनजे आदल्याच दिशी की, मॅडम. ह्या पायरीवर बसले होते. घामानं शर्ट भिजलेला, हात असा हितं." त्यानं स्वतःची छाती दाबून दाखवली. "म्या म्हनलो, सर, दवाखान्यात चला, माझी गाडी हाय. तर म्हनले, न्हाई न्हाई, ऊन लागलं. पानी पिले. लई येळ बसले. मंग जिना चढून वर गेले, ते चालू केले, आन् एसटीला गेले. म्या आजून म्हनलो, घरी फोन लावू का? म्हनले, कशाला, उगं घाबरतेत."

परतीच्या गाडीत मी विचार करत होते, हे रेहानाला सांगायचं का? तिनं विचारलं होतं एवढंच की कोण होतं. कोणी नव्हतं, हे खरं उत्तर होतं आणि पुरेसं होतं. बाकीचं वाटेत गळालं असं समजायला काय हरकत होती? पण तुझीच शिकवण आडवी आली. जो तुकडा मिळाला नाही तिथं पडदा काळा दिसू दे, अंदाजानं रंगवू नको, असं तू सगळ्या केंद्रांना बजावायचास. आणि जो मिळालाय तो दडवायचा, हे तर तुझ्या सगळ्या शास्त्रात कुठंच बसत नव्हतं. शिवाय रेहानानं मला पाठवलं होतं ते मी काही सोडत नाही म्हणून.

संध्याकाळी ती त्याच खोलीत, त्याच जागी बसली होती. मी आत गेल्याबरोबर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"कोण हाय?"

"कुणी नाही. एक यंत्र आहे." मी तिला सगळं सांगितलं, खोली, पोती, रुमाल, हिरवा दिवा. रुमालाचा रंग तिनं विचारला. मी सांगितला. "माझ्याच ओढणीचा फाडून नेला होता," म्हणाली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थोडी हसली. तिचा चेहरा असा सैल झाला की मला वाटलं, इथंच थांबावं.

मग मी पायरीचं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "लई येळ बसले म्हणाला तो?"

"हो."

"त्या दिवशी घरी आले. मी म्हणाले, चेहरा का उतरला? म्हणाले, ऊन लई होतं. भाकर खाल्ली. पोरीची फी भरायची आठवण केली. झोपले." तिनं हाताची बोटं एकमेकांत गुंतवली. "त्या दुकानवाल्याला हात लावून दाखवलं, कुठं दुखतंय ते. मला न्हाई दाखवलं."

बाहेर कुणीतरी नळाखाली भांडी घासत होतं.

"सवत असती तर बरं झालं असतं, ताई," रेहाना म्हणाली. "तिला जाऊन विचारलं तरी असतं, तुला तरी सांगितलं होतं का म्हणून."

मुजीब, ती सवतीसाठी तुला माफ करायला बसली होती. त्याची तिनं कितीतरी दिवस मनाशी तयारी केली होती. याची तिची काहीच तयारी नव्हती. माझीही नव्हती.